व्हिडिओ दुसऱ्याच्या गोदामात, बिल्टी आपल्या वहीत



लोणावळ्याच्या बाजारात आमचे कापडाचे दुकान आहे. सोलापुरी चादरी, मालेगाव-भिवंडीचे कापड, पडदे, सतरंज्या, गाद्या-उशा असा माल आम्ही ठेवतो. गिऱ्हाईक म्हणजे हॉटेलवाले, तुंगार्ली-खंडाळ्याकडचे बंगलेवाले आणि पवना धरणाच्या काठावर तंबू लावणारी मंडळी. पूर्वी मुंबई-पुण्याची प्रत्येक गाडी बाजारातून जात असे आणि दुकानाची पाटी हीच जाहिरात होती. 2002 साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि बरेचसे गिऱ्हाईक बाजाराला वळसा घालून जाऊ लागले. आता बंगल्याचा मालक मुंबईत बसून फोनवर विचारतो, "माल आधी दाखवा." फोटोत कापडाचा रंग दिसतो, पण त्याचा झोक दिसत नाही. गादीत कापूस किती आणि कसा भरला, हे फोटो सांगत नाही. त्यासाठी व्हिडिओच लागतो.

म्हणून आजचा धडा या विषयावर आहे : व्हिडिओ यूट्यूबसारख्या बाहेरच्या ठिकाणी ठेवून तो आपल्या वेबसाइटच्या मीडिया लायब्ररीत कसा नोंदवावा, आणि तसे करताना कोणती खबरदारी घ्यावी. काम अर्ध्या तासाचे आहे. खबरदारी न घेतल्यामुळे आमचे जे नुकसान झाले ते पैशाने भरून येणारे नाही. तेही पुढे सांगणार आहोत.

मीडिया लायब्ररी म्हणजे काय?

वेबसाइटचे दोन भाग समजा. एक दुकानाचा दर्शनी भाग, जो गिऱ्हाईक पाहते. दुसरा आतला भाग, जिथे आपण पासवर्ड घालून जातो. या आतल्या भागात फोटो, किंमतपत्रके, आवाजाच्या आणि चित्रांच्या फाइली एकत्र ठेवलेल्या असतात. त्या कप्प्याला मीडिया लायब्ररी म्हणतात. ही आपली मालाची नोंदवही आहे. कोणता फोटो कधी आला, त्याचे नाव काय, तो कशाचा आहे, हे तिथे एका नजरेत दिसते. एकदा नोंदवलेला फोटो दहा पानांवर वापरता येतो, तो दहा वेळा चढवावा लागत नाही.

वहीत सगळा माल नोंदला असला तर नोकर बदलला तरी धंदा अडत नाही. नोंद नसली की "तो फोटो कुठे गेला?" म्हणून अर्धा दिवस वाया जातो.

व्हिडिओ आपल्याच जागेत ठेवला तर?

आम्ही 2017 साली वेबसाइट केली. 2016 च्या सप्टेंबरात जिओ आल्यापासून इंटरनेट स्वस्त झाले होते आणि जो तो फोनवर व्हिडिओ पाहू लागला होता. आम्हीही गाद्यांचा तीन मिनिटांचा व्हिडिओ काढला आणि फोटोप्रमाणेच सरळ आपल्या वेबसाइटवर चढवायला बसलो. फाइल मोठी आहे म्हणून वेबसाइटने ती घेतलीच नाही.

याचे कारण समजून घ्या. वर्डप्रेस ज्या पीएचपी भाषेत लिहिले आहे, तिच्यात एका फाइलची मूळ मर्यादा 2 एमबी इतकीच असते. होस्टिंगवाले, म्हणजे वेबसाइटला जागा भाड्याने देणारे, ती वाढवून देतात. आम्हीही वाढवून घेतली आणि व्हिडिओ चढला. पण खरी अडचण पुढेच होती. आता साधा हिशेब करा. चांगल्या फोनवर काढलेला तीन मिनिटांचा व्हिडिओ सुमारे 400 एमबीचा होतो. पन्नास लोकांनी तो पुरता पाहिला तर 20,000 एमबी, म्हणजे 20 जीबी माल आपल्या भाड्याच्या जागेतून बाहेर गेला. 2018 च्या पावसाळ्यात, शनिवार-रविवारच्या गर्दीत, आमच्या महिन्याच्या कराराचा कोटा संपला आणि वेबसाइट बंद पडली. वर्षातला ऐन कमाईचा काळ आणि दुकानाला कुलूप!

दुसरी अडचण अशी की आपली फाइल एकाच आकाराची असते. पवना धरणाच्या बाजूला नेटवर्क कमी असते. तिथल्या माणसाला तीच 400 एमबीची फाइल ओढावी लागते. चाक फिरत राहते आणि तो कंटाळून निघून जातो.

यूट्यूब काय करते? आपण एक व्हिडिओ दिला की ते त्याच्या लहान-मोठ्या अनेक प्रती करून ठेवते. पाहणाऱ्याचे नेटवर्क चांगले असेल तर मोठी प्रत, कमजोर असेल तर लहान, आणि तीही तुकड्या-तुकड्याने पाठवते. यूट्यूब 2005 साली सुरू झाले आणि 2006 साली गूगलने ते 165 कोटी डॉलरला विकत घेतले. एवढ्या मोठ्या गोदामाची यंत्रणा आपल्या दुकानाच्या माळ्यावर उभी करता येत नाही. तेव्हा जड माल त्यांच्या गोदामात ठेवावा, हेच शहाणपणाचे.

लिंक म्हणजे बिल्टी

माल ट्रान्सपोर्टच्या गोदामात उतरतो आणि आपल्या हातात बिल्टी येते. बिल्टी म्हणजे माल नव्हे, पण माल कुठे आहे आणि कोणाचा आहे ते ती सांगते. यूट्यूबवर व्हिडिओ चढवल्यावर मिळणारी लिंक ही तशीच बिल्टी आहे.

ही लिंक वर्डप्रेसच्या पानावर एका वेगळ्या ओळीत चिकटवली की लिंकच्या जागी व्हिडिओची चौकट दिसू लागते. आत काय घडते? आपली वेबसाइट यूट्यूबला विचारते, "या बिल्टीवर काय आहे?" यूट्यूब उत्तर देते : व्हिडिओचे नाव हे, लहान चित्र हे, दाखवण्याची चौकट ही. या विचारपुशीच्या पद्धतीला ओएम्बेड म्हणतात. वर्डप्रेसमध्ये ती डिसेंबर 2009 च्या 2.9 आवृत्तीपासून आहे. गिऱ्हाईक आपल्याच पानावर बसून व्हिडिओ पाहते, भार मात्र यूट्यूबच्या गोदामावर पडतो.

पण येथे एक मेख आहे आणि पुष्कळ लोक तिथेच फसतात. लिंक चिकटवल्याने व्हिडिओ पानावर दिसतो, पण वर्डप्रेसच्या मीडिया लायब्ररीत त्याची नोंद होत नाही. ती वही फक्त आपल्या जागेत चढवलेल्या फाइलींची आहे. पंचवीस पानांवर पंचवीस लिंका चिकटवल्या तरी वहीचे पान कोरेच राहते. म्हणजे बिल्ट्या खिशात, कपाटात, गल्ल्यात अशा विखुरलेल्या!

नोंद कशी करावी?

तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग तयार प्लगइनचा. वर्डप्रेसला जोडता येणारे असे छोटे प्रोग्राम मिळतात, जे बाहेरच्या व्हिडिओची लिंक घेऊन मीडिया लायब्ररीत तिची नोंद करतात. प्लगइन घेण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात : ते शेवटचे कधी सुधारले आहे, आणि ते काढून टाकले तर आपल्या नोंदी राहतात की जातात. वर्षानुवर्षे हात न लावलेले प्लगइन म्हणजे गंजलेले कुलूप. ते लावू नये.

दुसरा मार्ग ड्रुपलचा. ज्यांची वेबसाइट ड्रुपलवर आहे, त्यांना 2018 च्या 8.6 आवृत्तीपासून ही सोय घरचीच मिळते. मीडियाच्या प्रकारांत बाहेरच्या व्हिडिओसाठी वेगळा प्रकार आहे. तिथे यूट्यूबची किंवा व्हिमिओची लिंक टाकली की नोंद तयार होते आणि व्हिडिओचे लहान चित्र आपल्या जागेत उतरवून ठेवले जाते. पुढे तो व्हिडिओ फोटोसारखाच निवडून हव्या त्या पानावर लावता येतो.

तिसरा मार्ग हाताने करायचा. आम्ही हाच वापरतो आणि लहान दुकानदाराला तो पुरेसा आहे. व्हिडिओतले एक स्वच्छ चित्र फोटो म्हणून मीडिया लायब्ररीत चढवावे. त्या फोटोला नाव, मथळा आणि वर्णन लिहिण्याच्या जागा असतात. नावात व्हिडिओचे नाव लिहावे. वर्णनात पाच गोष्टी लिहाव्यात : लिंक, कोणत्या खात्यावर आहे, कधी काढला, कोण दिसते, आणि मूळ फाइल कुठे ठेवली आहे. नावाची सुरुवात प्रत्येक वेळी "व्हिडिओ" या शब्दाने करावी. मग लायब्ररीत तो शब्द शोधला की सगळ्या बिल्ट्या एका रांगेत समोर येतात. यासाठी पैसा लागत नाही आणि शिकलेला नोकरही लागत नाही.

गोदामवाल्याची मर्जी

मराठीत म्हण आहे, दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिऊ नये. व्हिडिओच्या बाबतीत दुसऱ्याची ओंजळ घ्यावीच लागते, हे वर पाहिले. पण ओंजळ दुसऱ्याची आहे हे विसरू नये. गोदाम त्यांचे, नियमही त्यांचेच.

29 जून 2020 रोजी भारत सरकारने 59 चिनी अॅपवर बंदी घातली. त्यात टिकटॉक होते. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या लहान दुकानदारांनी आणि कारागिरांनी तिथे मेहनतीने गिऱ्हाईक जमवले होते. ज्याने आपल्या व्हिडिओची मूळ फाइल फोनमध्ये ठेवली होती, त्याने दुसऱ्या दिवशी दुसरीकडे दुकान मांडले. ज्याने ठेवली नव्हती, त्याच्याजवळ काहीच उरले नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरात फेसबुकने आपला नियम बदलला. तोवर फेसबुकची किंवा इन्स्टाग्रामची लिंक चिकटवली की वेबसाइटवर चौकट दिसत असे. नव्या नियमानुसार त्यासाठी कंपनीकडे नोंदणी करून परवान्याची किल्ली घेणे आले. वर्डप्रेसने आपली ती सोय काढून टाकली. ज्यांचा सगळा भर या लिंकांवर होता, त्यांना पुन्हा हात घालून दुरुस्ती करावी लागली.

यूट्यूबच्याही काही गोष्टी माहीत असाव्यात. आपण जाहिरात लावली नसली तरी ते आपल्या व्हिडिओवर जाहिरात दाखवू शकते, आणि जाहिरात कोणाची असेल हे आपल्या हाती नसते. व्हिडिओ संपल्यावर पुढचे व्हिडिओ सुचवले जातात. 2018 पासून ही सूचनांची पट्टी पूर्ण बंद करता येत नाही, फार तर आपल्याच चॅनलपुरती ठेवता येते. मागे सिनेमाचे गाणे लावले तर हक्कदार कंपनीचा दावा लागतो आणि आवाज बंद होऊ शकतो किंवा व्हिडिओच अडवला जाऊ शकतो. गाणे न लावलेलेच बरे. मागाचा, शिलाईयंत्राचा, हातोडीचा खरा आवाज गिऱ्हाईकाला जास्त विश्वासाचा वाटतो.

जाहिरात नको असेल तर व्हिमिओसारखे पैसे घेणारे गोदाम आहे. तिथे व्हिडिओ फक्त आपल्याच वेबसाइटवर दिसावा असे बंधन घालता येते. पण दरवर्षीचे भाडे आले. धंद्याचा हिशेब पाहून ठरवावे.

आमची चूक

आता ती गोष्ट सांगतो.

आमच्याकडे गाद्या भरायला एक पिंजारी चाचा येत. आमच्या वडिलांच्या काळापासून येत. यंत्राने पिंजलेला कापूस बाजारात आला तरी चाचांची पिंजण सुटली नाही. तातेवर लाकडी ठोकळ्याचा टोला पडला की कापूस धुक्यासारखा वर उडे आणि पुन्हा हलकेच खाली बसे. मावळात असे काम करणारा दुसरा हात आमच्या पाहण्यात नव्हता. आम्ही त्यांचा सहा मिनिटांचा व्हिडिओ काढला. बंगलेवाल्यांना तो फार आवडे. "याच चाचांकडून गादी भरून द्या," म्हणून फोन येत.

आधीच्या अनुभवाने शहाणे होऊन हा व्हिडिओ आम्ही बाहेरच्या गोदामात ठेवला. दुकानातल्या एका हुशार मुलाने तो आपल्या फोनवरून, आपल्याच ईमेलने खाते उघडून चढवला. आम्ही लिंक वेबसाइटवर चिकटवली आणि निश्चिंत झालो. पुढे तो मुलगा पुण्याला नोकरीला गेला. ज्या फोनने व्हिडिओ काढला होता, तो आम्ही नवा घेताना बदल्यात देऊन टाकला. 2021 साली चाचा अल्लाला प्यारे झाले.

दुसऱ्या वर्षी त्यांच्या मुलीचा फोन आला. "भाई, अब्बांचा तो व्हिडिओ तुमच्या वेबसाइटवर आहे ना? माझ्या मुलाला त्याचे नाना काम करताना दाखवायचे आहेत. पण तिथे नुसती काळी चौकट दिसते."

आम्ही पाहिले. चौकट काळीच होती. त्या मुलाला शोधून काढले. त्याने जुना ईमेल बंद केला होता आणि त्याच्याबरोबर खाते आणि व्हिडिओही गेला होता. त्याचा काही दोष नाही. खाते त्याचे होते, त्याने बंद केले. बिल्टी ज्याच्या नावाची, माल त्याचा, हा नियम तीस वर्षे व्यापार करून आम्हाला ठाऊक होता, आणि तरी दुसऱ्याच्या नावाची बिल्टी आम्ही वहीत लावून बसलो होतो.

पुष्कळ शोधाशोध केली. शेवटी एका जुन्या गिऱ्हाईकाला आम्ही व्हॉट्सअॅपवर पाठवलेला चाळीस सेकंदांचा तुकडा मिळाला. चित्र अंधुक आहे, पण आवाज आहे. सहा मिनिटांतले चाळीस सेकंद! चाचांच्या मुलीला ते पाठवले तेव्हा तिने आभार मानले. आम्हाला मात्र मान वर करवली नाही. चाचांचे ते काम आमच्याकडे अमानत होते.

असे नुकसान मोठ्या संस्थांचेही होते. पुण्यात 1964 साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, जुने चित्रपट जपणे हेच त्याचे काम. तरीही जानेवारी 2003 मध्ये पुण्यातच फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या गोदामाला आग लागून संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट रिळांचा मोठा साठा जळाला. ज्या रिळाची दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी होती, ते वाचले. गोदाम कितीही भरवशाचे असो, एकाच ठिकाणी ठेवलेला माल हा धोक्यातला माल आहे.

आता आम्ही काय करतो?

खालील कृती क्रमाने करावी.

1. खाते दुकानाच्या नावाने आणि दुकानाच्या ईमेलने उघडावे. पासवर्ड मालकाजवळ असावा आणि घरातल्या एका जबाबदार माणसाला माहीत असावा. मुलाला किंवा नोकराला काम करू द्यायचे असेल तर यूट्यूबमध्ये पासवर्ड न देता परवानगी देण्याची सोय आहे. ती वापरावी आणि तो काम सोडून गेला की परवानगी काढून घ्यावी.

2. व्हिडिओ काढताच मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवावी. एक दुकानातल्या संगणकावर, दुसरी घरी हार्डडिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर. यूट्यूबवरून आपला व्हिडिओ परत उतरवता येतो, पण ती प्रत मूळ फाइलइतकी चांगली असेलच असे नाही. म्हणून मूळ फाइल पुसू नये.

3. ज्याचा चेहरा किंवा काम दाखवायचे, त्याला आधी विचारावे. कारखान्यात महिला कारागीर असतील तर त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना सांगितल्याशिवाय कॅमेरा काढू नये. फक्त हात आणि काम दाखवूनही उत्तम व्हिडिओ होतो.

4. यूट्यूबवर चढवताना तीन पर्याय येतात. पब्लिक म्हणजे सर्वांना दिसेल. अनलिस्टेड म्हणजे शोधून सापडणार नाही, पण लिंक असेल त्याला दिसेल आणि वेबसाइटवरही लावता येईल. प्रायव्हेट केले तर वेबसाइटवर गिऱ्हाईकाला दिसणार नाही. दुसऱ्या वेबसाइटवर लावण्याची परवानगी चालू आहे ना, हेही पाहावे. खात्याची फोनवरून पडताळणी केली नसेल तर पंधरा मिनिटांहून मोठा व्हिडिओ चढत नाही.

5. लिंक पानावर लावावी आणि त्याच बैठकीत मीडिया लायब्ररीत नोंद करावी. "उद्या करू" म्हटलेली नोंद होत नाही, हे उधारीच्या वहीवरून आपण जाणतोच.

6. व्हिडिओखाली चार ओळी मजकूर लिहावा : माल कोणता, माप काय, कापूस किती किलो. चौकट कधी काळी पडलीच तर गिऱ्हाईकाला निदान मजकूर तरी वाचता येईल.

7. महिन्याचा हिशेब करता त्या दिवशी सगळ्या व्हिडिओ-नोंदी उघडून लिंका चालू आहेत का ते पाहावे. वीस लिंकांना दहा मिनिटे लागतात. आम्ही हे केले असते तर खाते बंद होताच समजले असते आणि त्या मुलाच्या फोनमधून तरी फाइल मिळाली असती.

उजळणीसाठी चार प्रश्न

वाचून झाल्यावर स्वतःला विचारा. आपले व्हिडिओ कोणाच्या नावाच्या खात्यावर आहेत? मूळ फाइली आज आपल्या हातात आहेत का? ते गोदाम उद्या बंद झाले तर दुसरीकडे दुकान मांडायला किती दिवस लागतील? आणि आपण नसताना घरच्या माणसाला ही सगळी नोंद सापडेल का? चारपैकी एकाचेही उत्तर अडले तर आजच वही उघडा.

आपल्यात अजून पुष्कळ हुनर शिल्लक आहे. रफू करणारे आहेत, जरीचे काम करणारे आहेत, कल्हई लावणारे आहेत, रजई भरणारे आहेत. यांतले कित्येक हात साठी-सत्तरीचे आहेत. त्यांचे काम आज टिपून घ्या, जड माल खुशाल बाहेरच्या गोदामात ठेवा, पण बिल्टी आपल्या नावाची करा आणि अस्सल प्रत घरात ठेवा.

आमच्या वेबसाइटच्या वहीत पहिली नोंद आता त्या चाळीस सेकंदांची आहे. तिच्या वर्णनात आम्ही पाचही गोष्टी लिहिल्या आहेत. मूळ फाइलीच्या ओळीत मात्र लिहावे लागले : "मूळ नाही. आमच्या निष्काळजीपणाने गेली." ही ओळ आपल्यापैकी कोणालाही आपल्या वहीत लिहावी लागू नये, एवढ्याचसाठी हा धडा.